पिशवी काढण्याआधी

आज १७ नोव्हेंबर. २०२० साली याच तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निर्मूलन करण्याचे धोरण जाहीर केले आणि आता हा दिवस त्या निर्मूलनाचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो. कर्करोगाचा एखादा प्रकार संपवूनच टाकायचा, असे सगळ्या देशांनी मिळून पहिल्यांदाच ठरवले. त्यासाठी २०३० पर्यंतची तीन उद्दिष्टे आखली गेली. नव्वद टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, सत्तर टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा व पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा खात्रीची चाचणी, आणि दोष सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांना उपचार. यातले मधले उद्दिष्ट भारतात कुठवर आले आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. इकडे देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा आजार होतो आणि पाऊण लाखाहून अधिक जणी त्याने दगावतात.

असा आकडा हाती आला की सरकारला धारेवर धरायचे, हा अग्रलेखांचा जुना रिवाज आहे. त्यात चूकही नाही. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी करावी, असा आराखडा केंद्राने २०१६ मध्येच काढला होता. तो आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यापलीकडे फारसा गेला नाही. पण आज बोलायचे आहे ते दुसऱ्या दाराबद्दल. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत असे दिसले, की आजारपणात लोक ज्यांच्याकडे जातात त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश खासगी डॉक्टर किंवा खासगी दवाखाने असतात. अंगावरून पांढरे जाते, पाळी लांबते, तांबी बसवायची किंवा काढायची आहे, ओटीपोटात दुखते, अशा तक्रारी घेऊन तालुक्याच्या गावात बाई जाते ती बहुतेक वेळा ‘मॅडम’च्या दवाखान्यात. तिथल्या टेबलावर ती पाच-सहा वेळा तरी झोपलेली असते. तरीही कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींची ही तपासणी झालेली नव्हती. याचा जाब एकट्या आरोग्य खात्याला कसा विचारायचा?

खेदाची गोष्ट अशी, की या बाबतीत जगाला जे शहाणपण आले त्यातले बरेचसे महाराष्ट्राच्या मातीत उगवले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांच्यासारख्यांनी गावोगावच्या नोंदी जमवल्या. या भागातल्या बायकांना सर्वाधिक होणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे आणि त्या दवाखान्यात पोचतात तेव्हा फार उशीर झालेला असतो, हे त्यांतून पुढे आले. मग १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास उभा राहिला. टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ५२ गावसमूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. त्यांचे चार गट पाडले. एका गटाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून पांढरा डाग उमटतो का हे पाहिले गेले. चौथ्या गटाला नेहमीच्याच सेवा मिळाल्या.

निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. आठ वर्षांत चौथ्या गटात ६४ स्त्रिया या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात त्याहून थोड्या अधिक स्त्रिया असूनही मृत्यू ३४. आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडण्याचे प्रमाणही निम्म्याखाली आले. ही चाचणी दरवर्षीची नव्हती. आयुष्यात एकदाच केली गेली होती. उरलेल्या दोन गटांत मृत्यूंत नोंद घेण्याजोगी घट तिथे दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अॅसिटिक अॅसिडची तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

दोन्ही अभ्यासांवर नैतिकतेचा आक्षेप घेतला गेला. बिनतपासणीचा गट ठेवलाच कसा, असा. आपल्या देशात ‘नेहमीच्या सेवा’ म्हणजे काहीच नसणे, हे त्या गटामुळे कागदावर आले. आक्षेप खोडून काढायचा तर एकच मार्ग होता. निकाल लागल्यानंतर त्याच जिल्ह्यातल्या, त्याच राज्यातल्या बायकांना ती चाचणी सहज मिळायला हवी होती. जगाने या अभ्यासाचा दाखला देत एचपीव्ही चाचणी पहिल्या क्रमांकावर नेली. ऑस्ट्रेलियाने २०१७च्या अखेरीस आपला सगळा कार्यक्रम तिच्यावर बेतला, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच शिफारस केली. आणि भूम, परंडा, कळंबच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत? तिथे ही चाचणी आजही अपवाद आहे.

अशा दवाखान्यांत चाचणीऐवजी सर्रास काय झाले, ते पाहायला लांब जावे लागत नाही. धाराशिवला लागूनच बीड जिल्हा आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचीही नोंद पुढे आली. यातल्या अनेक जणी तिशीतल्या, काही त्याहूनही लहान. पाळीत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, फडात ना आडोसा ना पाणी, त्यामुळे पाळीची कटकट एकदाची गेलेली बरी असे स्वतः बायकांनाही वाटत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या सांगण्यात आणखी एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते. डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, आत्ता काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल.

म्हणजे कर्करोगाचा शब्द त्या दवाखान्यांत उच्चारला जात होता. भीती तिथपर्यंत पोचली होती. पोचली नव्हती ती चाचणी. कर्करोगाच्या नावावर काही हजारांची शस्त्रक्रिया होत होती, आणि त्या भीतीत तथ्य आहे की नाही हे सांगणारा स्रावाचा साधा नमुना कुणी घेत नव्हते. खासगी वैद्यकीय व्यवसायाबद्दल आजच्या दिवशी काही म्हणायचे असेल तर ते एवढेच.

वैद्यकीयदृष्ट्याही हा व्यवहार उफराटा आहे. पांढरे जाण्यामागे बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो; तो गोळ्यांनी बरा होतो. एचपीव्हीची लागण लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुतेकांना कधी ना कधी होते आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. ज्या थोड्यांच्यात विषाणू ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही पेशींतल्या पहिल्या बदलापासून कर्करोगापर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. एवढी सवड देणारे कर्करोग फार नाहीत. त्या काळात दोष सापडला तर गोठवून, उष्णता देऊन किंवा विजेच्या तारेच्या कडीने तेवढाच भाग काढता येतो. काम काही मिनिटांचे, बाई त्याच दिवशी घरी, पिशवी जागेवर. याउलट तपासणी न करताच पिशवी काढली आणि आत कर्करोग आधीच पसरू लागलेला असला, तर ती साधी शस्त्रक्रिया अपुरी ठरते. मग किरणोपचार घ्यावे लागतात आणि सरळ मार्गाने झाले असते ते उपचार अवघड होऊन बसतात. ज्या भीतीपोटी पिशवी काढली, तिच्यापासूनही सुटका नाही.

सगळेच डॉक्टर लोभी आहेत, असे म्हणणे सोपे आणि खोटे आहे. खासगी दवाखान्यात ही तपासणी का होत नाही याची कारणे बरीचशी रोजच्या कामाच्या रहाटगाडग्यात दडलेली आहेत. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. आत गर्भाशयमुख दिसावे म्हणून स्पेक्युलम घालून तपासणी करायची तर टेबल, नीट प्रकाश, निर्जंतुक उपकरण आणि शेजारी उभी राहणारी सिस्टर लागते. त्यापेक्षा सोनोग्राफी सोयीची. चित्र दिसते, रिपोर्ट छापून मिळतो, पैसे देणाऱ्यालाही काही तरी झाले असे वाटते. त्यातून एक गैरसमज घट्ट बसला आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे पिशवीला काही नाही, असे बायका एकमेकींना सांगतात, आणि त्यांना कुणी दुरुस्त करत नाही. गर्भाशयमुखावरचे सुरुवातीचे बदल सोनोग्राफीत दिसतच नाहीत. पॅप स्मिअरची अडचण निराळी. काचपट्टी लगेच नीट स्थिर करावी लागते, ती मोठ्या शहरातल्या लॅबला जाते, वाचणारा पॅथॉलॉजिस्ट तयार हाताचा असावा लागतो. रिपोर्ट आठवड्याने येतो तेव्हा बाई गावी गेलेली असते. तिचा फोन नवऱ्याकडे असतो.

आणि दवाखाना म्हणजे फक्त स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे. ग्रामीण महाराष्ट्रात पहिला डॉक्टर बहुधा पुरुष असतो, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस. तो ही तपासणी करणार नाही आणि बाई करू देणार नाही. इथे एचपीव्ही चाचणीचा जो गुण आहे त्याकडे आपले लक्षच गेलेले नाही. तिचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. पडद्याआड जाऊन, मऊ ब्रश किंवा काडी आत फिरवून, नळीत घालून द्यायची. टेबल नको, स्पेक्युलम नको, कुणी पाहायला नको. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून हा पर्याय प्रत्येक स्त्रीला खुला आहे. मग तो करमाळ्याच्या होमिओपॅथच्या दवाखान्यात का नसावा? क्षयरोगाच्या आणि कोविडच्या चाचण्यांमुळे गावोगाव माहीत झालेले ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या कंपनीचे आहे आणि त्यावर एचपीव्हीचीही चाचणी होते. यंत्रे आहेत, ती चालवणारी माणसेही आहेत.

शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत चित्र पालटते, पण सुधारत नाही. महिला दिनाच्या पॅकेजमध्ये थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि पॅप स्मिअर एकत्र येतात आणि पंचविशीची नोकरदार मुलगी दरवर्षी ते करून घेते. तिच्या वयात विषाणू येतो आणि जातो. त्याच्या मागे लागून गर्भाशयमुखाचा भाग काढत बसले तर पुढच्या गरोदरपणात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. तिच्या घरी भांडी घासायला येणारी बेचाळीस वर्षांची बाई मात्र कधीच तपासली गेलेली नसते. गरज नाही तिथे वारंवार आणि गरज आहे तिथे एकदाही नाही, असा हा बाजाराचा न्याय आहे.

यावर तोड काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडचे. तिथे ही तपासणी १९६० च्या दशकापासून उपलब्ध होती. आपल्यासारखीच ती दुसऱ्याच कामासाठी आलेल्या बाईला, डॉक्टरला आठवले तर, अशी होत होती. त्यामुळे तरुण, सुशिक्षित बायकांची वारंवार होई आणि धोक्यातल्या बायका राहून जात. १९८८ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या यादीतल्या प्रत्येक पात्र स्त्रीला ठरल्या वेळी पत्र जाऊ लागले, न आलेलीला पुन्हा पत्र. १९९० पासून डॉक्टरांनाही यादीतल्या ऐंशी टक्के स्त्रियांची तपासणी झाली तर पूर्ण मोबदला, पन्नास टक्क्यांची झाली तर कमी, असे ठरले. १९८८ मध्ये ४२ टक्क्यांवर असलेली तपासणी १९९४ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेली. हे डॉक्टर सरकारी नोकर नव्हते. करारावर काम करणारे, स्वतःचा दवाखाना चालवणारे व्यावसायिक होते. चाचणीही जुनीच होती. बदलल्या त्या दोनच गोष्टी: बोलावणे कोणी पाठवायचे हे ठरले आणि तपासणी झाल्याबद्दल कोणाला काय मिळणार हेही ठरले.

आपल्याकडचे डॉक्टर असली कारकुनी करणार नाहीत, असे कुणी म्हणेल. पण ते करतातच. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म महाराष्ट्रातला प्रत्येक केंद्रचालक भरतो, तक्रार करत का होईना. क्षयरोगाचा रुग्ण आढळला तर सरकारला कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंद केल्याबद्दल पाचशे रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याचे कळवल्याबद्दल आणखी पाचशे रुपये त्यांना मिळतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी असेच का होऊ नये? चाचणी केल्याबद्दल ठरलेला मोबदला द्यावा आणि दोष आढळलेली बाई उपचारापर्यंत पोचली की उरलेला. दुसरा हप्ता पहिल्यापेक्षा मोठा असावा, कारण तपासणी करून सोडून दिलेल्या बाईच्या वाट्याला फक्त धास्ती येते. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयाला या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे, केमोचे, किरणोपचाराचे पैसे मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण तो खर्च टाळू शकणारी चाचणी मात्र बाईने पदरच्या हजार-दोन हजारांनी करावी अशी अपेक्षा असते. फडात कोयता चालवणाऱ्या बाईने हे पैसे, काहीही दुखत नसताना, कशाच्या आधारावर काढून द्यावेत?

पैशांनी न सुटणारा भागही आहे. एचपीव्ही पॉझिटिव्ह आले की बाईचा पहिला प्रश्न असतो: हे कुठून आले? आणि दवाखान्यात बहुतेकदा सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असतो. लागण वीस वर्षांपूर्वीची असू शकते, ती कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही आणि पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, ही तीन वाक्ये डॉक्टरने शांतपणे, एकांतात सांगायला हवीत. ‘आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?’ एवढे म्हणण्याचा अधिकार सरकारी रुग्णालयातल्या गर्दीत क्वचितच बजावता येतो. खासगी दवाखान्यात तो आहे, कारण घरचे तिथल्या मॅडमचा शब्द मोडत नाहीत. फॅमिली डॉक्टरवरच्या या विश्वासाचे काय करायचे, हे आपल्या वैद्यक संघटनांनी ठरवावे. बीडमध्ये त्याच विश्वासावर पिशव्या काढल्या गेल्या.

बीड प्रकरणानंतर तिथे गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. राज्यभर तसे करावे की नाही यावर वाद होऊ शकतो. प्रत्येक शस्त्रक्रियेला सरकारी शिक्का लागला तर खऱ्या गरजूंचे हाल होतील, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण तातडीच्या शस्त्रक्रिया वगळून, खासगी असो वा सरकारी, पिशवी काढण्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत गर्भाशयमुखाच्या चाचणीचा निकाल असलाच पाहिजे, ही अट कुणाला जाचक वाटू नये. चांगले स्त्रीरोगतज्ज्ञ आजही हेच करतात. विमा कंपन्या आणि जनआरोग्य योजना यांनी तो निकाल पाहिल्याशिवाय बिल मंजूर करू नये. मग बोर्ड लावून जागृती करण्याची फारशी गरज उरणार नाही.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला आहे. बीडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पोचल्या आहेत. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे त्या परततील. अंगावर काढलेली दुखणी घेऊन बायका दवाखान्यांच्या पायऱ्या चढतात त्या तेव्हाच. नमुन्याच्या नळ्या, मोबदल्याचा दर आणि खासगी दवाखान्यांसाठी नोंदीचा अर्ज, हे तिन्ही तोवर तयार ठेवायला आरोग्य खात्याच्या हातात चार महिने आहेत.